खांद्यावरचा हात

स्टेजवरच्या फोटोत धाकट्याच्या उजव्या खांद्यावर कुणाची तरी बोटं होती. थोरलीला पहिल्या रांगेत आणून बसवलं तेव्हा तिनं आधी नुसता चेहरा बघितला, कारण तेवढंच बघायची मनाची तयारी करून ती घरून निघाली होती. भाऊ जाऊन महिना होत आला होता. चेहरा बघायचा, डोळे कोरडे ठेवायचे, शोकसभेतली वकिलांची भाषणं ऐकायची, चहा घ्यायचा आणि रिक्षा करून घरी जायचं, असं तिनं ठरवलं होतं. चेहरा नीट पार पडला. मग नजर कोटाच्या कॉलरवरून खाली घसरली आणि त्या बोटांवर अडकली. फोटो मोठा करून घेताना कुणीतरी शेजारचा माणूस कापून टाकला होता, त्याचा दंड धाकट्याच्या पाठीमागे होता म्हणून तो आपोआपच गेला, पण खांद्यावरून पुढं आलेली बोटं तेवढी राहिली. अनामिका मधल्या पेरापाशी आत वळलेली. मधलं बोट तिच्यावर किंचित चढलेलं. सभागृहात इतकी माणसं होती, सगळी शिकलेली, सगळी फोटोकडे तोंड करून बसलेली, आणि एकालाही ती बोटं दिसत नव्हती. तो हात थोरलीनं अंधारात नुसत्या स्पर्शानंसुद्धा ओळखला असता. कित्येक महिने रोज सकाळी तो तिच्या हातात होता.

माइकवर निवृत्त न्यायाधीश बोलत होते. "त्यांनी कधी आवाज चढवला नाही," ते म्हणत होते, "कोर्टाची प्रतिष्ठा त्यांनी कायम जपली." याच गृहस्थांनी धाकट्याला भर कोर्टातून बाहेर काढलं होतं. त्या दिवशी तो घरी आला, कोट खुर्चीवर फेकला, ओट्यापाशी उभ्यानंच जेवला आणि म्हणाला, "ताई, आज माझा सत्कार झाला. चार पोलीस दारापर्यंत सोडायला आले होते." आणि हसला. तो हसला की खांदे हलायचे, आवाज यायचा नाही. लहानपणी वडील झोपलेले असताना दोघं असंच हसायची, उशी तोंडात धरून. नंतर घरात दोघंच उरली तेव्हा बिनआवाजी हसायचं काही कारण नव्हतं, पण सवय राहिली. तिनं लग्न केलं नाही, त्यानंही नाही, लोक विचारायचे, तेव्हा तो सांगायचा, "आम्ही एकमेकांची इतकी भांडणं ऐकलीयत की तिसरं माणूस कंटाळेल." कालव्याकाठच्या वस्तीत तो दर रविवारी जाऊन बसायचा. पत्र्याच्या शेडमध्ये एक बाकडं, त्यावर तो, समोर जमिनीवर बायका. पोलीस दारात आले तर काय विचारायचं, हे तो त्यांच्याकडून घोकून घ्यायचा. आधी नाव विचारायचं. मग कशासाठी नेताय ते विचारायचं. मग कुठं नेताय. बायका लाजत म्हणायच्या, तो म्हणायचा, "मोठ्यानं. मी पोलीस आहे, मला ऐकू येत नाही." वस्तीत नळ आला तो त्याच्या अर्जांमुळं आला, शाळेची गाडी वस्तीच्या तोंडाशी थांबू लागली तीही. यातलं काही न्यायाधीशांच्या भाषणात नव्हतं. भाषणात एक मवाळ, सज्जन, काहीसा कंटाळवाणा माणूस होता, आणि थोरलीला वाटलं, फोटोतून शेजारचा माणूस कापला तसाच यांनी आता आतला माणूसही कापायला घेतलाय.

शेजारचा माणूस रंगारी होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. कालव्याकाठून मोठा रस्ता काढायचं ठरलं तेव्हा त्यानं वस्तीच्या लांबलचक भिंतीवर, शिडीवर चढून, पुरुषभर उंचीच्या अक्षरांत 'आम्ही इथंच राहतो' एवढंच लिहिलं होतं. त्यासाठी त्याच्यावर दंगलीचा खटला झाला. पहिल्याच रात्री कोठडीत त्याचा उजवा हात दाराच्या फटीत धरून दार लावण्यात आलं. मोडलेली बोटं वेळेवर कुणी बसवली नाहीत, ती जशी जुळली तशी जुळली. तुरुंगातून जामिनावर सुटल्यावर धाकट्यानं त्याला थोरलीच्या हॉस्पिटलमध्ये आणलं. ती तिथं हातांचे व्यायाम घेणाऱ्या विभागात होती. निवृत्त व्हायला अजून अवकाश होता. मेणाचं भांडं तापवायचं, पातळ मेणात हात बुडवायचा, काढायचा, पुन्हा बुडवायचा, पांढरा मोजा चढल्यासारखा थर जमला की टॉवेलात गुंडाळून ठेवायचा. मग ते कोमट मेण सोलून काढायचं आणि आतल्या मऊ पडलेल्या हाताला हळूहळू उघडायचं. रंगारी ओरडायचा नाही. ओठ दाबून खिडकीबाहेर समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी बघत बसायचा आणि शेवटी म्हणायचा, "ताई, त्या माणसानं अक्षरातलं अंतर चुकवलंय बघा." ब्रश त्याच्या बोटांतून निसटायचा. तिनं दांड्यावर कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड केला, तेव्हा धरता आला. पहिली सरळ रेघ त्यानं विभागाच्या भिंतीवरच ओढली, निळी, तिनंच आणलेल्या रंगानं. त्या दिवशी तिनं शिकाऊ मुलींना बोलावून तो हात दाखवला होता. बघा, म्हणाली होती, हा हात आला तेव्हा मुठीएवढा दगड होता. नोकरीतल्या सगळ्या हातांत तिला त्या हाताचा अभिमान होता, आणि तो अभिमान तिनं कुणाला सांगितला नव्हता, धाकट्यालासुद्धा, कारण तो चिडवत बसला असता.

मग तो निर्दोष सुटला. कोर्टाच्या पायऱ्यांवर फोटो निघाला तो त्या दिवशी. आणि वर्ष उलटायच्या आत वस्ती पाडायला पुन्हा यंत्रं आली, पुन्हा धरपकड झाली, रंगाऱ्याला संध्याकाळी नेलं आणि सकाळी त्याच्या बायकोला बोलावलं ते प्रेत ओळखायला. पांघरुणाच्या पट्ट्या फाडून, त्या पिळून, खिडकीच्या गजाला दुहेरी गाठ मारून त्यानं गळफास घेतला, असं पोलिसांनी लिहिलं. धाकट्यानं त्या मृत्यूच्या चौकशीसाठी कोर्टात धाव घेतली आणि तारखा पडत राहिल्या. अशाच एका तारखेला तो कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर पुकाऱ्याची वाट बघत बसला होता. नावाचा पुकारा झाला. तो उठला नाही. पुन्हा पुकारा झाला. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, वकीलसाहेबांना डुलकी लागलीय. वकील गैरहजर म्हणून प्रकरण पुढं ढकललं गेलं, आणि जेवायच्या सुट्टीत झाडणाऱ्या बाईनं पाय उचला म्हटलं तेव्हा कळलं.

"आता त्यांच्या भगिनी दोन शब्द बोलतील," कुणीतरी म्हणालं, आणि थोरली उभी राहिली. तिनं घरी दोन वाक्यं तयार केली होती, आभाराची. माइकपाशी गेल्यावर ती फोटोकडे वळली, म्हणजे सभागृहाकडे पाठच झाली तिची. "हा हात," ती म्हणाली, आणि आवाज नीट लागेना म्हणून पुन्हा म्हणाली, "खांद्यावर हा जो हात आहे, तो त्याच्या अशिलाचा आहे. रंगारी होता. तो पोलीस कोठडीत मेला. त्याची केस अजून चालू आहे. फोटो पूर्ण लावला असता तर बरं झालं असतं." एवढंच. खाली कुणीतरी खाकरलं. अध्यक्षांनी मान डोलावली, जणू ती भावाच्या आवडीनिवडींबद्दल बोलली होती, आणि ताईंच्या भावना आपण समजू शकतो असं म्हणून त्यांनी चहाची सोय मागच्या दालनात केल्याचं सांगितलं. चहापाशी सरकारी वकिलांनी तिच्यासाठी कप आणला. सभ्य माणूस, केस पिकलेले. "साखर कमी आहे," ते म्हणाले, "तुमच्या बंधूंना मी फार मानायचो हो. लढायला मजा यायची." रंगाऱ्याच्या केसमध्ये समोरच्या बाजूला हेच होते.

दाराबाहेर, जिन्याच्या कठड्याला टेकून, रंगाऱ्याची बायको उभी होती. आत जागा नाही असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. आत निम्म्या खुर्च्या मोकळ्या होत्या. तिच्याशी बोलत धाकट्याची ऑफिसातली भागीदार उभी होती, जिला तो तोफ म्हणायचा, कारण तिला हळू बोलता यायचं नाही. आजही येत नव्हतं. "मी बघतेय ना केस!" ती जिनाभर ऐकू जाईल असं सांगत होती. रंगाऱ्याची बायको मान हलवत होती, पण तिचे डोळे थोरलीकडे होते. "ताई," ती म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून सांगत आले. शर्टाची बटणं मी लावायचे त्यांच्या. चपलेचा पट्टा मी ओढायचे. तो माणूस गाठी कशा मारेल? तर साहेब म्हणतात, बायको आहेस, तू असंच म्हणणार."

थोरली कठडा धरून उभी राहिली. हे तिला आधी सुचलं नव्हतं का? सुचलं होतं. गाठीचं वाचलं त्याच दिवशी ती धाकट्याला म्हणाली होती, या हाताला हे जमणार नाही. तो म्हणाला, "ताई, तू यात नको." पुन्हा तो विषय त्यानं निघूच दिला नाही.

"मला का नाही बोलावलं त्यानं साक्षीला?" तिनं तोफेला विचारलं.

तोफेनं आयुष्यात पहिल्यांदा आवाज खाली आणला. "वकिलाची सख्खी बहीण साक्षीला आणली तर समोरचे फाडून खातात. सगळी केस घरगुती वाटायला लागते. तो डॉक्टर शोधत होता, तुमच्या विभागातला कुणीतरी दुसरा. कुणी तयार होईना. दोघांनी तर फोन उचलणं बंद केलं." "आता तुम्ही माझ्या अशिलाच्या वकिलाच्या बहीण नाही आहात. आता वकील मी आहे."

किती सरळ गोष्ट, आणि किती भयंकर. तो मेला म्हणून तिचं तोंड मोकळं झालं होतं. रिक्षात बसल्यावर तिला हसू आलं, खांदे हलले, आवाज आला नाही, आणि रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय.

त्यानंतरचे आठवडे तिला घरात स्वतःचेच हात दिसत राहिले. चहाची गाळणी धरणारे, चादरीचं टोक चिमटीत पकडून गादीखाली खोचणारे. प्रत्येक कामात अनामिका काय करते, अंगठा कुठं येतो, ती बघायची. खिडकीत उभी राहून ओढणी दोन्ही हातांत धरून बघायची. उजवी बोटं रंगाऱ्यासारखी वाकवून, पिरगळून, ओढून. ओढणी निसटायची. मग डाव्या हातानं, दातानं. कधी कधी एक ओंगळ, ढिली गाठ बसायची. बसली की ती घाईघाईनं सोडवून टाकायची, जणू कुणी बघेल. आणि त्याखाली आणखी एक गोष्ट होती, जी तिला धड विचारातही आणवत नव्हती. साक्षीत तिला सांगायचं होतं की तो हात बरा झाला नव्हता. ज्या हातासाठी शिकाऊ मुलींना बोलावलं, तो खरं तर जाड दांडा कसाबसा धरण्यापुरताच उरला होता. निळी रेघ ओढताना बाकीची बोटं नुसती पाहुण्यासारखी ब्रशवर टेकलेली होती. हे तिला तेव्हाही दिसलं होतं. धाकट्याच्या खांद्यावर तो हात पडला होता तोही नुसता ठेवलेला. त्यात पकड नव्हती. धाकट्याला मात्र त्याचं वजन जाणवलं असणार. सुटकेच्या दिवशी तीही कोर्टात होती, आणि पायऱ्या उतरताना तो म्हणाला होता, "ताई, कसं घट्ट धरलंय बघ यानं मला." तिनं त्याला खोडून काढलं नव्हतं.

साक्षीच्या दिवशी कोर्टात पंखा होता आणि तो बंद होता. तोफेचे प्रश्न लवकर संपले. मग सरकारी वकील उठले आणि त्यांनी तिला आधी बसायला खुर्ची मागवली.

"ताई, तुमच्या उपचारानंतर तो पुन्हा पाट्या रंगवायला लागला?"

"हो."

"शिडीवर चढून?"

"हो."

"म्हणजे तुमच्या कामाला यश आलं म्हणायचं. विभागात तुम्ही त्याचं उदाहरण द्यायचात, असं ऐकलं."

मागच्या बाकावर रंगाऱ्याची बायको बसली होती, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. थोरलीला वाटलं, आपण हो म्हटलं की संपलं. "द्यायचे," ती म्हणाली. "ते माझं चुकलं. हात बरा झाला नव्हता. जाड वस्तू धरता यायची, म्हणून ब्रशचा दांडा जाड केला. बारीक काही चिमटीत येत नव्हतं. कापड धरून जोर लावून ओढणं त्या बोटांना शक्य नव्हतं. शर्टाची बटणं त्याची बायको लावायची."

"डावा हात?"

"डावा चांगला होता."

"दात होते?"

"होते."

"मग ताई, डाव्या हातानं आणि दातानं, मरायचंच ठरवलेल्या माणसाला, एखादी गाठ मारता आली असती की नाही?"

तोफेनं हरकत घेतली, आवाज भिंतींवर आदळला, न्यायाधीशांनी ती फेटाळली. थोरलीच्या डोळ्यांसमोर ती खिडकीतली ढिली गाठ आली. ती कुणी बघितली नव्हती. नाही म्हणायला काहीच लागत नव्हतं, एक शब्द. धाकटा तिथं असता तर त्यानं तिच्याकडे बघितलंही नसतं, खाली कागदात तोंड घातलं असतं, कारण साक्षीदाराला डोळ्यांनी काही सांगायचं नाही हा त्याचा नियम होता. वस्तीतल्या बायकांनाही तो तेच शिकवायचा, दिसलं तेवढंच सांगायचं, आपल्या बाजूचं असलं तरी वाढवायचं नाही. एकदा वाढवलं की ते बाकीचंही खोटं ठरवतात.

"ढिली गाठ, कदाचित," ती म्हणाली. "कागदात लिहिलीय तशी, दुहेरी आणि माणसाचं वजन पेलणारी, नाही."

"कदाचित," सरकारी वकील म्हणाले, आणि तो शब्द टाइप होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "आभारी आहे." खाली उतरताना त्यांनी तिला आधाराला हात दिला. तिनं तो घेतला, कारण पायरी उंच होती, आणि नंतर घरी जाऊन हात धुतले.

निकाल लागायला बराच काळ गेला. तोवर रस्ता झाला, वस्ती शहराच्या पार टोकाला हलवली गेली, वकिलांच्या बार रूममधल्या भिंतीवर धाकट्याचा फोटो लागला, तोच, कापलेला. निकाल वाचून दाखवायला फारसा वेळ लागला नाही. मृत्यू आत्महत्येचा असल्याचं सिद्ध होत नाही. मृत्यूस कोण जबाबदार हे उपलब्ध पुराव्यावरून सांगता येत नाही. त्या रात्री कामावर असलेल्यांच्या बदल्या आधीच झालेल्या होत्या; एकाला बढतीही मिळाली होती. तोफ व्हरांड्यात आली आणि त्या बाकाला तिनं लाथ मारली. "नाही आणि नाही!" ती ओरडली. "दोन्हीकडून नाही! हे काय झालं?" थोरली मात्र 'कदाचित' या शब्दाशी अडून राहिली होती. तो शब्द नसता तर निकाल आणखी एक पाऊल पुढं गेला असता का, की साक्षच उडाली असती? हे तिला कुणीही सांगू शकणार नव्हतं. सांगू शकणारा एकच माणूस होता, धाकटा.

रंगाऱ्याची बायको तिच्यापाशी आली. "ताई, मला नीट सांगा. त्यांनी स्वतः नाही केलं, असं लिहिलंय का?"

"त्यानं केलं हे सिद्ध होत नाही, असं लिहिलंय."

"म्हणजे तेच ना?"

"जवळपास तेच."

बाईनं डोळे मिटले आणि पर्सची पकड सैल केली. "मग तुम्ही घरी चला माझ्या. मुलीला तुम्ही सांगा. माझं ती ऐकत नाही. शाळेत तिला कुणीतरी म्हणालं, तुझा बाप तुम्हाला टाकून गेला. तेव्हापासून ती त्यांचं नाव काढत नाही. फोटो कपाटावर पालथा घालून ठेवलाय."

नव्या वस्तीला जायला दोन बस बदलाव्या लागल्या. एकसारख्या इमारती, एकसारखे जिने, भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास. खोली लहान पण लख्ख होती. मुलगी टेबलाशी गणित सोडवत बसली होती. बापासारखंच लांबट कपाळ, आणि पेन्सिल धरायची पद्धतही तीच, टोकापासून बरंच वर. "आत्या आल्यात," आई म्हणाली, "वकीलकाकांच्या बहीण." मुलीनं वही मिटली नाही. थोरली तिच्यासमोर बसली. तिनं सोपं करून सांगितलं, जसं पेशंटच्या घरच्यांना सांगायची. तुझ्या बाबांचा हात असा होता, त्याला हे येत होतं, हे येत नव्हतं. म्हणून ते कागदात लिहिलंय ते खरं धरता येत नाही. तसं कोर्टानंही म्हटलंय. ते तुम्हाला सोडून गेले नाहीत.

मुलगी ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, "हे वकीलकाकांना माहीत होतं?"

"पहिल्यापासून. त्याच्यासाठीच ते भांडत होते."

"मरेपर्यंत?"

"हो. त्या दिवशीही."

मुलीनं मान हलवली, जणू उदाहरणातली एक पायरी बरोबर आली होती. आई दारात उभी होती, पदराच्या टोकाशी चाळा करत, आणि तिच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत नसलेलं काहीतरी हळूहळू येत होतं. थोरलीला वाटलं, झालं. एवढं तरी झालं. ती उठायला लागली, गुडघ्यावर हात टेकून.

"मग कुणी मारलं त्यांना?" मुलीनं विचारलं. तिनं वही बाजूला सरकवली होती आणि उत्तर लिहून घ्यायचं असावं तशी ती थोरलीच्या तोंडाकडे बघत होती.